सात पिल्लं, दहा दांडू

एका जंगलात, जिथं आता नुसत्या पाट्या उरल्यात, रखमाजी नावाचा साळिंदर राहायचा. नाकं पुसा आणि ऐका.

रखमाजी आधी स्वतःचं बीळ खणायचा. मग शेजाऱ्यांची खणून द्यायला लागला. मग अख्खी टेकडीच खणली आणि पाटी लावली, 'रखमाजी हाइट्स'. बिळं जमिनीखाली होती. पण हाइट्स म्हटलं की गिऱ्हाईक येतं.

बीळ दांडूनं मोजायचं, अशी तिथली रीत. विटीदांडूतला टोलाही दांडूनंच मोजायचा. रखमाजी शेठचा दांडू दारात टांगलेला असायचा. आता साळिंदराचे दात शिवशिवतात. शेठ येता-जाता दांडू कुरतडायचा. वाईट मनानं नाही हं. सवयच तशी.

दांडू आखूड झाला. बिळंही आखूड झाली. कागदावर मात्र दहा दांडूचं बीळ दहाच दांडूचं.

घोरपड म्हणाली, "शेठ, माझी शेपटी बाहेर राहते."

"गॅलरी समजा, आक्का."

घोरपड काही गप्प बसेना. म्हणून शेठनं विटीदांडूचा संघ विकत घेतला. सगळे ससे. नाव ठेवलं 'टेकडीचे वाघ'. मग सामन्याच्या दिवशी घोरपड शेपटीला झेंडा बांधून नाचायला लागली.

कप्तान होती चंद्री ससीण. टोला असा हाणायची की विटी शोधायला कावळा पाठवावा लागे. तिला सात पिल्लं. घर म्हणाल तर करवंदीची जाळी. कोल्हा रोज संध्याकाळी यायचा, पिल्लं मोजून जायचा.

शेठ म्हणाला, "चंद्रे, कप आण. दहा दांडूचं बीळ तुझं."

शेवटचा सामना मुंगसांशी होता. त्यांचा टोला त्यांच्या दांडूनं चाळीस भरला. चंद्रीचा टोला त्याच्या अलीकडेच पडला. शेठच्या दांडूनं मोजला, तर साठ!

मुंगसांचा कप्तान ओरडला, "हा दांडू आहे का दातकोरणं?"

पंच कासव म्हणालं, "ज्याचा टोला, त्याचा दांडू. नियम आहे."

मुंगूस चंद्रीकडं वळला, "चंद्रे, तूच सांग. दांडू बरोबर आहे?"

चंद्रीला दांडू दिसत होता. सात पिल्लंही दिसत होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

कप मिळाला. तांब्याचा, घंगाळाएवढा. मग बीळ मिळालं. तीन पिल्लं आत शिरली. चौथं अडकलं.

"शेठ, हे दहा दांडू नाही."

"मोज की."

मोजलं. दहा भरलं.

"अहो, दांडूच आखूड आहे!"

"असं? मग कप मुंगसांना देऊन ये. मी दुसरा दांडू आणतो."

चंद्रीनं कपाकडं पाहिलं. बिळाकडं पाहिलं. ऊन उतरायला लागलं होतं.

तिनं कप बिळाच्या तोंडावर पालथा घातला. तीन पिल्लं बिळात, चार कपाखाली. ती स्वतः वर बसली. कोल्हा आला. तांब्यात त्याला दुसरा कोल्हा दिसला. तो म्हणाला, "माफ करा, इथं आधीच कुणीतरी आहे," आणि निघून गेला.

सकाळी टेकडीवर नवी पाटी होती. 'दहा दांडूचं बीळ. पुढं तांब्याची ओसरी.' पहिलं नाव घोरपडीनं नोंदवलं.

तात्पर्य: बाळांनो, माप खोटं दिसलं की लगेच ओरडू नका. आधी त्याच मापानं जिंकून घ्या. मग ओरडता येत नाही, आणि जंगलात शांतता राहते.