साठ किलोंची ग्रिप

हरेशने आपल्या जुन्या लाल गाडीला रेसिंगचे शॉकअप बसवले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईने त्या गाडीत चार गणपती ठेवले. हमरापुरात धोंडुबाईंचा मूर्तींचा कारखाना होता. मे महिन्यात बिनरंगाच्या मूर्ती रोह्याच्या रंगाऱ्यांकडे जायच्या, आणि टेम्पो नेमका आताच बिघडला होता. इकडे रविवारी रोह्याजवळच्या माळावर गाड्यांची, एकेकाने घड्याळ लावून धावायची शर्यत होती. धाटावच्या मिथुनने ती लागोपाठ दोनदा जिंकली होती आणि यंदा त्याला हरवल्याशिवाय हरेशला जेवण गोड लागणार नव्हतं. धोंडुबाईंनी साफ सांगितलं, की शनिवारपर्यंत रोज मूर्ती पोचवायच्या, मग रविवारी गाडीचं काय वाटेल ते कर.

हरेश रुसायच्या ऐवजी पेटला. रोज रोह्यापर्यंतची वळणं म्हणजे फुकटची चाचणी. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यात कडक स्प्रिंगा बसवल्या. नागोठण्याच्या पुढे गाडी खड्ड्यात आपटली आणि एका गणपतीची करंगळी गेली. दुसऱ्या दिवशी मऊ बसवल्या, तर वळणावर गाडी एवढी कलली की चारही गणपती एकाच खिडकीशी जमले. मग मधल्या स्प्रिंगा आल्या. शॉकअपच्या डोक्यावरची चकती एकेक खटका फिरवत शेवटी त्याने आकडा पकडला: पुढे पाच खटके, मागे आठ. शनिवारी रोह्यात पोचला तेव्हा मूर्तींवर ओरखडासुद्धा नव्हता. त्याने तिथूनच धाकट्या बहिणीला, नम्रताला, फोन लावला आणि पंधरा मिनिटं मागच्या चाकांचं कौतुक सांगितलं.

रविवारी माळावर निम्मा तालुका लोटला होता. सरावाच्या फेरीत हरेश जोरात सुटला, पहिल्याच वळणावर गाडीचं बूड उडालं, आणि ती गर्रकन फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. लोक हसले. मिथुन तर खाली बसून हसला. हरेशने खटके मोजले, चाकांची हवा पाहिली, सगळं बरोबर होतं.

"दादा, तू गाडी गणपतींच्या वजनावर लावलीस," नम्रता म्हणाली. "आज मागं गणपती नाय."

हरेशने कपाळावर हात मारला. चार मूर्ती म्हणजे साठ किलो. स्प्रिंगा बदलायला वेळ नव्हता आणि गाडीत गोणी टाकायला बंदी होती. सोबत एक माणूस बसवायला मात्र परवानगी होती. दोघांनी एकदमच आईकडे पाहिलं. धोंडुबाई छत्रीखाली बसून कलिंगड खात होत्या.

"माझं वजन कुणाला सांगितलंस तर बघ," म्हणत त्यांनी हेल्मेट चढवलं.

आणि काय सांगावं, गाडी जमिनीला चिकटली. मागचं चाक हलेना. प्रत्येक वळणाआधी मागून "हळू रे" असा आवाज यायचा, दोन-तीनदा आला की हरेशचा पाय नाइलाजाने ब्रेकवर जायचा, आणि पुढे गाडी वळणातून सुसाट बाहेर पडायची. शर्यतीची पहिली फेरी संपली तेव्हा हरेश मिथुनच्या वेळेपेक्षा दोन सेकंद पुढे होता. नम्रता आनंदाने नाचायला लागली.

दोन फेऱ्यांपैकी जी चांगली ती धरणार होते. मिथुन येताना दिसला तसा हरेश ताठ झाला. खटक्यांचा आकडा विचारणारच, आणि आपण खोटा सांगायचा, असं त्याने ठरवूनच ठेवलं. मिथुन त्याला ओलांडून पुढे गेला.

"मावशी, माझ्या गाडीत बसशील काय?"

हरेशला हसू आवरेना. मिथुनची गाडी एकट्या मिथुनच्या वजनावर लावलेली. साठ किलो मागे बसले की तिचं बूड टेकणार.

"जा गो आई, खुशाल जा," तो म्हणाला, आणि हेल्मेटचा पट्टा त्याने स्वतःच्या हाताने बांधून दिला.

आई मिथुनच्या गाडीत जाऊन बसलेली, म्हणून हरेशची दुसरी फेरी मोकळ्या गाडीने झाली आणि व्हायची तशीच झाली. त्याला फिकीर नव्हती, पहिली फेरी गाठीशी होती. मग मिथुन सुटला. वळणाआधी त्याची गाडी अलगद हळू व्हायची आणि वळण संपताच झेपावायची. त्याने हरेशला पूर्ण तीन सेकंदांनी मागे टाकलं.

धोंडुबाई खूश होऊन उतरल्या आणि त्यांनी हेल्मेट काढून हरेशच्या हातात दिलं.

"पोरगा गुणाचा हाय," त्या मिथुनकडे बघत म्हणाल्या. "एकदा सांगितलं की ऐकतो."