गुडघा दाव!

माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या धडधाकट गुडघ्यावर मी खोबरेल तेलात कुंकू कालवून जखम रंगवली. पूर्ण शुद्धीत होतो. चष्मा लावून, मांडी घालून, नीट बसून रंगवली. खपली दिसावी म्हणून कडेने कॉफीची पूडही चिकटवली. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने कॉफीचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं.

ही वेळ माझ्यावर आणली समोरच्या आण्णांनी. शिवाजी पेठेत आमच्या दारासमोर त्यांचं दार. एकटेच राहतात. उभा जन्म त्यांनी एसटीच्या वर्कशॉपात टायर तपासले. रिटायर झाल्यावर टायर सुटले, तपासायची सवय सुटली नाही. आता ते पायरीवर बसून गल्लीतल्या पोरांचे गुडघे तपासतात. कुणीही पोर समोरून गेलं की हुकूम सुटतो, "गुडघा दाव!"

दोन्ही गुडघे फुटलेले असले की आण्णा खूश. "फॉरवर्डला खेळतंय. ब्येस!" एकच फुटलेला असला तर, "गोलकीपर हाय न्हवं? एकाच अंगाला पडालायस. दुसऱ्या अंगालाबी पड की जरा." आणि एखादा गुळगुळीत गुडघा निघालाच, तर त्या पोराच्या कपाळाला हात लावून बघतात आणि आईला विचारतात, "जेवतंय का नीट? का अंगात कणकण हाय?"

वयाची अट नाही. गल्लीत एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. आण्णांनी नवऱ्या मुलालाच दारात अडवलं. "पावणं, जरा पॅन्ट वर घ्या की." पॅन्ट बोटभर वर सरकेना इतकी तंग, पण बिचाऱ्याने घाम गाळून वर घेतली. गुडघ्याखाली चांगला वीतभर जुना व्रण निघाला. "द्या पोरगी!" आण्णांनी आत आवाज टाकला. आज त्या मुलीला दोन मुलं आहेत आणि दोघांचेही गुडघे फुटलेले आहेत.

आता माझं सांगतो. मी विम्याच्या कंपनीत आहे. जगातली प्रत्येक वस्तू मला पडण्याच्या, फुटण्याच्या किंवा जळण्याच्या बेतात दिसते. सईचं सर्वांगीण वगैरे जे काही असतं ते व्हावं म्हणून मी तिला अबॅकस लावलं, सुंदर हस्ताक्षर लावलं, कीबोर्ड लावला, बुद्धिबळ लावलं आणि रविवारी व्यक्तिमत्त्व विकास. राहिला तो खेळ. गल्लीत संध्याकाळी फुटबॉल रंगायचा तेव्हा ती खिडकीचे गज धरून उभी असायची. चेंडू आला की तिचा पाय आतल्या आत भिंतीवर बसायचा.

"बाबा, मी जाऊ?"

"पडशील."

माझं बालसंगोपन एवढ्या एका शब्दात आटोपत असे.

"सायेब," आण्णा रोज म्हणायचे, "पोरगी वाढवालायसा का शोकेसातली भावली?"

हेच आण्णा एका बाबतीत मात्र साफ खोटं बोलत. त्यांचा मुलगा बंगळूरला असतो. संध्याकाळी नातवाचा व्हिडिओ कॉल येतो. इकडून हुकूम सुटतो, "गुडघा दाव!" तिकडे अकराव्या मजल्यावर एक गुडघा कॅमेऱ्यासमोर येतो. काचेच्या गोटीसारखा स्वच्छ. जगात कुणाची भीड न ठेवणारे आण्णा म्हणतात, "झ्याक हाय, राजा." फोन बंद झाला तरी तसेच बघत बसतात. मग आपण विचारलेलं नसताना सांगतात, "ह्या सुट्टीला यायचंय त्ये." खिशातली एक फुगीर डबी चाचपतात. त्या डबीत काय आहे, असं पोरांनी विचारलं की म्हणतात, "हाय एकाचं."

असो. रंगवलेला गुडघा घेऊन मी सईला पायरीपाशी उभं केलं. "बघा आण्णा, पडली काल. खेळते बरं का आमची."

आण्णांनी चष्मा लावला. जखमेला बोट लावलं. वास घेतला. मग तेच बोट शांतपणे माझ्या कपाळाला टेकवलं.

"असल्या बापाची पूजाच कराय पायजे," ते म्हणाले. "सोडा पोरीला आत्ता खेळाय. मी बसलोय न्हवं हितं?"

मी कपाळ पुसत तिचा हात सोडला. सई गेली. पहिली पाच मिनिटं नुसतीच चेंडूच्या मागून धावली. मग चेंडू तिच्या पायात आला, तिने जोरात लाथ मारली, चेंडू तिथेच राहिला आणि ती पुढे जाऊन आपटली.

मी "सई!" असं ओरडून धावलो. पायात नवं कोल्हापुरी पायताण. ते एकीकडे गेलं, मी दुसरीकडे. मी उठेपर्यंत आण्णा सईपाशी पोचलेसुद्धा होते. तिला पायरीवर बसवून गुडघ्यावर पाणी ओतून झालं होतं आणि ती डबी उघडली होती.

डबीत जखमेवर लावायच्या पट्ट्या होत्या. लहान मुलांच्या, हत्तीची चित्रं असलेल्या. पाकीट फोडलेलंही नव्हतं.

"नातवासाठी ना?" सईने विचारलं. तिला सगळं ठाऊक असतं.

"व्हय. आला की पडंल, म्हनून घेतल्यात्या."

"मग मला का देताय?"

आण्णांनी पाकीट फोडलं. "पडलीस तू, मग तुला नगं व्हय?"

पट्टी बसेना. पुन्हा दाबली, पुन्हा सुटली. दुसरी काढली, तीही तशीच. इतक्या सुट्ट्यांत डिंकच वाळून गेला होता. आण्णा पट्टीकडे बघत राहिले.

"आण्णाआजोबा, तुम्ही दाबून धरा ना," सई म्हणाली. "मग राहील."

आण्णांनी तिच्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. दोघंही पायरीवर बसून पुढचा खेळ बघू लागली. मधूनच आण्णा ओरडत, "आरं, पास दे की!" सईही ओरडे. हात काही हलला नाही.

माझाही गुडघा चांगलाच सोलवटला होता. पॅन्ट फाटून रक्त येत होतं. मी लंगडत गेलो आणि जरा आशेनेच तो पुढे केला.

आण्णांनी मान तेवढी वळवली.

"ह्यो तरी खरा हाय," ते म्हणाले, "का ह्योबी घरनं रंगवून आणलासा?"