स्टेशन यंदा आपल्याकडे

मी फक्त चाळीस नावं गोळा करायची ठरवली होती. माणसं याहून मोठमोठी कामं अंगावर घेतात आणि त्यांचं काही वाकडं होत नाही.

लग्न झाल्यावर मी डब्लिन सोडून बायकोच्या गावी, नॉकनाशीला राहायला आलो. (इकडची माणसं नोकरीसाठी पश्चिमेकडून डब्लिनला जातात. मी उलटा आलो, म्हणून गावाला माझा अजून संशय आहे.) गावात एक जुनं रेल्वे स्टेशन आहे. तिथून शेवटची गाडी गेली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. आता कौन्सिलच्या मनात असं आलं, की रुळांच्या त्या जागेवरून सायकलींसाठी डांबरी वाट काढावी. मी शाळेत भूगोल शिकवतो. रेल्वेमार्गावर डांबर ओतणं म्हणजे काय, हे वर्गात सांगताना मला गहिवरून येतं. (मुलांना येत नाही. त्यांना सायकली हव्या आहेत.) हरकत घ्यायची तर गावातल्या चाळीस जणांची नावं शुक्रवारी दुपारी बाराच्या आत कचेरीत पोचायला हवी होती. सोमवार उजाडला तरी माझा कागद जवळजवळ कोराच.

"तू आधी लोकांशी भांडतोस आणि मग नाव मागतोस," माझी बायको डर्वला म्हणाली. "एकदा उलट करून बघ."

"तू तरी लिही तुझं नाव."

"शेजाऱ्यांनी लिहिलं की लिहीन. मला याच गावात राहायचंय."

कागदाचा मथळा मी स्वतः लिहिला होता. कचेरीच्या भाषेचा मला तिटकारा आहे. 'अमुक प्रकल्पास हरकत' असलं काही वाचून कोणाचं रक्त उसळतं? मी वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'जे गेलं, ते आम्ही विसरलेलो नाही.' खाली दोन रकाने, नाव आणि वाडी. बस्स.

आता माझ्या गाड्यांबद्दल. सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत मी गेलं दीड वर्ष याच स्टेशनची प्रतिकृती बांधतोय. फलाट, सिग्नल, पाण्याची टाकी, फलाटावर स्टेशनमास्तरांची कोंबडी, सगळं. त्यावर माझी अकरा इंजिनं धावतात. एक हिरवं वाफेचं, दोन चंदेरी डिझेल, बाकीची काळी आणि नारिंगी. सगळी अस्सल आयरिश. फक्त एक सल आहे. आयर्लंडचे खरे रूळ पाच फूट तीन इंच रुंद, आणि बाजारात मिळणाऱ्या छोट्या गाड्या मात्र इंग्रजांच्या अरुंद रुळांच्या मापाने केलेल्या. म्हणजे स्वातंत्र्य मिळून शंभर वर्षं झाली आणि माझ्या टेबलावर अजून इंग्रजांचं माप. या विचाराने मी कधीकधी जेवत नाही. (डर्वला म्हणते, दोनदा वाढून घेतल्यावर जेवत नाही.)

तर सोमवारी सासूबाई, म्हणजे नोरीन, रंगाचे दोन डबे घेऊन घरात आल्या.

"फिआक्रा, गुरुवारी स्टेशन आपल्याकडे आहे."

"आहेच की. दीड वर्षापासून आहे."

"चेष्टा नको. सात वर्षांनी आपला नंबर लागलाय. फादर टूही येणार, वाडीतली तीस-पस्तीस माणसं येणार. बैठकीची खोली लागेल."

सात वर्षं कुठून आली ते मला कळलं नाही, पण बाकीचं लख्ख कळलं. दीड वर्ष ज्या बाईने माझ्या गाड्यांकडे धूळ पुसायची वस्तू म्हणून पाहिलं, तिने अख्ख्या वाडीला माझं स्टेशन बघायला बोलावलं होतं. पस्तीस माणसं. पस्तीस नावं.

"खोली माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

"नक्की? टेबल उंच हवं हं. मागच्यांना दिसलं पाहिजे."

"अगदी माझ्या मनातलं बोललात."

"पांढरं कापड घाल. दोन मेणबत्त्या ठेव."

मेणबत्त्यांनी जरा बुचकळ्यात पडलो, पण उद्घाटन म्हटलं की काहीतरी पेटवतातच. तीन दिवस त्या स्वयंपाकघर आणि बाहेरची भिंत रंगवत होत्या, डर्वला खिडक्या घासत होती, आणि मी बैठकीचं दार आतून लावून सिग्नलला तेल देत होतो. रेल्वेसाठी घर रंगवणारी सासू किती जणांना मिळते? माझा गावावरचा सगळा राग त्या तीन दिवसांत ओसरला.

गुरुवारी सकाळी साडेनऊला फादर टूही आले आणि सरळ मागच्या शिवणाच्या खोलीत जाऊन बसले. "जा, आधी तू जाऊन ये," नोरीननी मला आत ढकललं. मला वाटलं, प्रमुख पाहुण्यांना आधी माहिती द्यायची असेल.

"बस," फादर हळू आवाजात म्हणाले. "किती दिवस झाले?"

"दीड वर्ष. पण रोज दोन तास देतो."

फादरनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मनावर काही ओझं आहे का?"

दीड वर्षात हे मला कोणीही विचारलं नव्हतं.

"आहे, फादर. सगळं खोट्यावर उभं आहे. आपलं माप एक आणि मी चालवतोय दुसऱ्याच मापाने. सगळेच चालवतात, म्हणून मीही."

"सगळेच करतात, हे कारण होत नाही."

"तेच म्हणतो मी. आणि अजून एक आहे. डर्वलाला माहीत नसलेली."

"नसलेली... म्हणजे?"

"नवी. लिमरिकहून आणली. कपाटात ठेवलीय. डर्वला घरात नसली की बाहेर काढतो. आवाज फार करते."

फादरनी डोळे मिटून घेतले. "कपाटात?"

"मोज्यांच्या मागे. वीतभर तर आहे."

फादरनी खिडकीतून बैठकीच्या दिशेने पाहिलं, माझ्या बोटांवरचं तेल पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "बायकोला सांगून टाक. आणि तीन वेळा मेरीमातेची प्रार्थना म्हण."

"मापासाठी, की हिच्यासाठी?"

"एकूणच."

हा माणूस रेल्वेतला दर्दी आहे, एवढं मी मनाशी ठरवलं आणि फादरच्या शब्दाखातर मोज्यांमागचं ते नारिंगी इंजिनही आणून रुळावर ठेवलं.

दहा वाजता मी बैठकीचं दार उघडलं. चौतीस माणसं, सगळी रविवारच्या कपड्यांत. खोलीभर लाकडी घोड्यांवर माझं स्टेशन, खाली पांढरं कापड, फलाटाच्या दोन टोकांना मेणबत्त्या, आणि चारही मार्गांवर गाड्या धावतायत. कोणी हूं की चूं करेना. मला वाटलं, भारावले.

"वेदी कुठंय?" नोरीननी दाराची चौकट धरून विचारलं.

"कसली वेदी?"

"प्रार्थनेची, फिआक्रा. स्टेशन आहे ना आज."

"हे काय, स्टेशनच आहे."

बॅटी ड्रुअरी नावाचे आमचे म्हातारे शेजारी पहिल्या खुर्चीत बसले होते. रेल्वे होती तेव्हा ते फाटकावर होते. त्यांनी मान वळवून मागच्यांना शांतपणे सांगितलं, "डब्लिनकराला स्टेशन माहीत नाही."

नव्हतंच माहीत. इंग्रजांनी आमच्या चर्चवर बंदी घातली त्या काळापासून खेड्यांत चाल आहे, की पाद्र्याने पाळीपाळीने एकेका घरी येऊन प्रार्थना घ्यायची, आधी लोकांची पापं ऐकून घ्यायची, आणि मग सगळ्यांनी मिळून न्याहारी करायची. याला स्टेशन म्हणतात. डब्लिनमध्ये स्टेशनला फक्त स्टेशन म्हणतात. कोणी मला आधी सांगितलं असतं तर? (डर्वलाच्या मते सगळ्यांनी सांगितलं होतं.) आणि शिवणाच्या खोलीत मी काय काय कबूल करून आलो होतो, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

फादर मात्र डगमगले नाहीत. त्यांनी मालधक्क्यावरच्या दोन वाघिणी बाजूला केल्या, तिथे प्याला ठेवला, कोंबडी बोटाने जरा सरकवली आणि म्हणाले, "उंची छान आहे."

"गाड्या बंद कर आणि स्वयंपाकघरात जाऊन पावाला लोणी लाव," नोरीन दातांवर दात ठेवून म्हणाल्या. "बोलावल्याशिवाय येऊ नको."

मी फोनवरून गाड्या बंद केल्या. अकरा. बारावं इंजिन मी आयत्या वेळी आणलेलं, आणि त्याचं वेळापत्रक वेगळं, हे लोण्याच्या नादात विसरलो. प्रार्थनेत एक क्षण असा येतो की फादर प्याला वर धरतात आणि सगळे माना खाली घालून गप्प असतात. त्या क्षणी बैठकीतून भोंगा ऐकू आला. लांब, खणखणीत, अगदी खऱ्यासारखा. (त्या आवाजासाठीच मी लिमरिकला गेलो होतो.) मग चाकांची खडखड, मग पुन्हा शांतता. आणि त्या शांततेत बॅटींचा आवाज आला.

"उशीर झाला तिला. दहा-अठराची आहे ती."

मी स्वयंपाकघरात पावाचे तुकडे मोजत उभा राहिलो. संपलं सगळं. आता मरेपर्यंत या गावात एकही नाव मिळणार नाही. तेवढ्यात दारापलीकडून फादरचे शब्द कानावर आले. "...नावं लिहायला कागद तिथे ठेवलेलाच आहे. सावकाश लिहा. कोणाला विसरू नका."

माझा कागद. मी तो सकाळीच पेन बांधून खिडकीत ठेवला होता. फादरनी तो वाचला होता, आणि भरल्या सभेत माझ्या बाजूने उभे राहिले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोणी जरा खारट झालं असेल.

न्याहारीला सगळे माझ्याशी गोड बोलले. एका बाईने तर हात दाबून सांगितलं, "तुझा मथळा वाचून रडूच आलं रे." खिडकीतला कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. मी नावं मोजली, त्रेचाळीस. वाचली नाहीत. (ध्येयवादी माणसाला आकडा पुरतो.)

शुक्रवारी साडेअकराला मी काउंटी कचेरीत कागद टेबलावर ठेवला. टेबलापलीकडच्या बाई वरून एकेक नाव वाचत गेल्या आणि एका ओळीवर थांबल्या.

"मार्टिन किलीन, वरची वाडी," त्या म्हणाल्या. "हे इथे कसे?"

"तुमच्या ओळखीचे?"

"आजोबा माझे. दहा वर्षांपूर्वी वारले."

मी कागद ओढून घेतला आणि पहिल्यांदाच वाचला. खालची सगळी नावं वारलेल्यांची. कोणाचे वडील, कोणाची मावशी. नोरीनच्या अक्षरात माझे सासरे. नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांचा महिना. गावाने आपापली माणसं आठवून लिहिली होती, ज्यांच्यासाठी महिनाभर प्रार्थना व्हायची होती.

"चाळीसच्या वर आहेत की," मी क्षीण आवाजात म्हणालो.

"जिवंत लागतात."

"असं नियमात लिहिलंय का?"

"लिहायची वेळ येईल असं कोणाला वाटलं नव्हतं." त्यांनी आजोबांच्या नावावरून बोट फिरवलं. "आणि ते असते तरी त्यांनी नाव दिलं नसतं. जन्मभर सायकलवरच फिरले."

बारा वाजले. डांबर येणार हे ठरलं.

घरी आलो तर नोरीन दारातच उभ्या. फादर सकाळपासून तो कागद शोधत होते. मी काही न बोलता नेऊन दिला. मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चर्च गच्च भरलेलं असताना फादर टूहींनी तो उलगडला आणि मृतांची नावं लिहिलेल्या क्रमाने, सावकाश वाचायला सुरुवात केली. आणि हरकतीच्या कागदावर पहिलं नाव कोणाचं असतं?

"फिआक्रा टॅलन, नॉकनाशी."

साऱ्या गावाने मान लववली. बॅटी माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी छातीवर क्रूस काढला, माझ्या मांडीवर हात टेकून पलीकडे वाकले आणि डर्वलाला विचारलं, "कशानं गेला गं?"

डर्वलाने मिटलेले डोळे उघडलेसुद्धा नाहीत. "रेल्वेनं," ती म्हणाली.