कोंडाजींची संमती

माणसाचा जीव वाचवणं हे पुण्याचं काम आहे, पण ते कायद्यात बसवून केलं तरच. नाहीतर उठसूट कुणीही कुणाचाही जीव वाचवत सुटेल आणि समाजाची घडी विस्कटेल. हे भान ठेवूनच नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या 'तत्पर रुग्णसेवा मंडळा'ने १९९८ साली आपली रुग्णवाहिका रस्त्यावर आणण्याआधी तिचं तीनदा उद्घाटन केलं. (पहिल्या वेळी पाहुणे आले नाहीत, दुसऱ्या वेळी गाडी आली नाही.)

शेखर त्या गाडीवर मदतनीस म्हणून लागला. बारावी सायन्स, स्वभावाने भिडस्त, अंगाने दणकट. हरसूलच्या आठवडे बाजारात पोती उचलणाऱ्या घरातला मुलगा, त्यामुळे माणूस उचलणं त्याला काही जड नव्हतं. पण नुसतं उचलणं वेगळं आणि कायदेशीर उचलणं वेगळं, हे त्याला मंडळाच्या शिबिरात कळलं.

शिबिराचा विषय भारदस्त होता: 'आपत्कालीन सेवेचा कायदेशीर, नैतिक व व्यावसायिक पाया'. त्यासाठी मुंबईहून तज्ज्ञ डॉक्टर आणले होते. एकूण वेळातला साठ टक्के वेळ सत्काराला गेला, तीस टक्के जेवणाला, आणि उरलेल्यात पाया घातला गेला. डॉक्टर मात्र मुद्द्याचं बोलले. सज्ञान रुग्णाच्या संमतीशिवाय त्याला हात लावला तर ती मारहाण ठरू शकते. नातेवाइकाची संमती ही रुग्णाची संमती नव्हे. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. आणि एकदा हाती घेतलेला रुग्ण अर्ध्यावर सोडायचा नाही.

"आता समजा, रुग्ण बेशुद्ध असेल," असं डॉक्टर म्हणाले, आणि नेमके तेव्हाच मंडळाचे अध्यक्ष धोंडीराम अण्णा शाल घेऊन मंचावर चढले, कारण मठ्ठा गरम होत चालला होता. (अशा वेळी संमती गृहीत धरून ताबडतोब उचलावं, असं डॉक्टरांना म्हणायचं होतं. ते त्यांनी शालीच्या आतून म्हटलं.) शेखरला विचारायचं होतं. पण आभारप्रदर्शन झाल्यावर प्रश्न विचारणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजतात, म्हणून तो जेवायला बसला.

पुढच्याच महिन्यात मंडळाला पहिला खरा रुग्ण मिळाला. कोंडाजी नावाचे माळी गृहस्थ मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या एम-एटीला बांधून बाजारात निघाले होते. मागे बायको रंगूबाई. गंगापूर रोडवर कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली आणि कोंडाजींचं डोकं दुभाजकावर आपटलं. रंगूबाईचं कोपरावर निभावलं. समोरच्या एसटीडी बूथवाल्याने फोन केला आणि रुग्णवाहिका खरोखरच तत्परतेने आली.

"उचला ना त्यांना! बघत काय उभे राह्यले?" रंगूबाई ओरडली.

शेखर गुडघे टेकून बसला. "काका, तुम्हाला दवाखान्यात न्यायला तुमची संमती आहे का?"

काका काही बोलले नाहीत.

"आरं ते बेसुद हायेत! मी सांगते ना तुला. बायको हाय मी त्यांची."

"मावशी, तुमचं नाही चालत. त्यांनी स्वतः सांगायला पाहिजे."

"त्यांना सांगता आलं आसतं तर तुला कशाला बोलवलं आसतं?"

हा मुद्दा शिबिरात आलेला नव्हता. शेखरने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग आदरार्थी बहुवचन वाढवून विचारलं. अण्णांना फोन करायला ड्रायव्हर कुंदन बूथवर गेला आणि परत आला. अण्णा एका सत्काराला गेले होते. शेखरचे हात शिवशिवत होते. पण आपण उचललं आणि उद्या मारहाणीचा गुन्हा लागला, तर नोकरी जाईल ही भीती हातांपेक्षा दणकट निघाली.

एव्हाना चांगली गर्दी जमली होती. नाशिककर सल्ल्याच्या बाबतीत हात आखडता घेत नाहीत. एकाने पाणी पाजायला सांगितलं, दुसऱ्याने कांदा हुंगवायला, तिसऱ्याने पोलीस केस आहे, कुणी हात लावू नका, असं सुचवलं. ही शेवटची सूचना एकमताने मान्य झाली.

शेवटी बाजारातून रिकामा परतणारा गेणू टेंपोवाला थांबला. त्याने कायद्याचा पाया पाहिलेला नसल्यामुळे सरळ खांदे धरले. रंगूबाईने पाय धरले. मधलं अंग लोंबत होतं; तिथे तिसऱ्या कुणी हात घालायला हवा होता. तसंच हेलकावत त्यांनी कोंडाजींना टेंपोत घातलं.

आता हाती घेतलेला रुग्ण अर्ध्यावर कसा सोडायचा? नीतिमत्ता आड आली. म्हणून शेखरने कुंदनला रिकामी रुग्णवाहिका टेंपोच्या पुढे घ्यायला लावली, सायरन लावला, आणि मंत्र्याच्या ताफ्यासारखा तो टेंपो दवाखान्यापर्यंत पोचवला. रस्त्यात लोकांनी पटापट वाट दिली. मंडळाच्या अहवालात ही सेवा 'यशस्वी' म्हणून नोंदली गेली.

कोंडाजींचा जीव वाचला. उजवा हात आणि वाचा गेली. जरा आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. त्यामुळे कोंडाजींची संमती मंडळाला अद्याप मिळालेली नाही.

चौकशीत शेखर निर्दोष ठरला. त्याने एकही नियम मोडला नव्हता. तो एकदा कोंडाजींच्या घरी जाऊन आला. त्यांनी त्याच्याकडे पाहून डावा हात हलवला. ये म्हणाले की जा, ते त्याला कळलं नाही. बाहेर येऊन तो रडला. रंगूबाईने त्याला चहा दिला आणि एकच विचारलं, "मधी हात घालाया कुनीच नव्हतं का रं?"

ते विचारायला शेखर त्या रस्त्यावर परत गेला. दुकानदारांना भेटला, रिक्षावाल्यांना भेटला, कांदावाल्या सल्लागारालाही त्याने शोधून काढलं. सगळे हळहळले आणि शेखरला नावं ठेवून मोकळे झाले. आपण उशिरा पोचलो होतो, असं प्रत्येकाने सांगितलं.

तुम्हीही एव्हाना मनात म्हणाला असाल, की मी तिथे असतो तर नियमबियम न बघता उचललं असतं. तिथे जे होते, तेही अगदी हेच म्हणतात.