ताशी दोन हजार लिटर

दंतवैद्यांचं ठाम मत होतं की कुठलीही गोष्ट जोर लावला की लवकर होते. दातांच्या बाबतीत ते बरेचदा खरं ठरे, म्हणून हेच मत सगळीकडे लावायची त्यांना सवय जडली होती.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत त्यांनी माशांची मोठी काचेची टाकी ठेवली होती. मासे मजेत होते, आतली झाडं मात्र पिवळी पडत चालली होती. झाडांना कार्बन डायऑक्साइड हवा, म्हणून डॉक्टरांनी एक उभी नळी आणली. पंपाने तिच्यात पाणी सोडायचं, तिथे वायू पाण्यात विरघळतो आणि तेच पाणी परत टाकीत जातं. प्रश्न एवढाच होता की पंप किती जोराचा घ्यायचा.

सासरे पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं पंप सांभाळून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "ताशी चारशे लिटरचा पुरे, जावईबापू. पाणी नळीत जरा घुटमळलं पाहिजे. धक्के मारून बाहेर काढलंत तर वायू विरघळणार कधी?"

"बाबा, तुमचे पंप जुन्या काळचे," असं म्हणून डॉक्टर दोन हजार लिटरचा घेऊन आले.

दोघांत आणखी एक वाद होता. सासऱ्यांची एक दाढ गदगदा हलत होती. डॉक्टर म्हणत काढू या. सासरे म्हणत, इतकी वर्षं राहिली आहे, राहू दे बिचारी. सोमवारी सकाळी ते आले तेही फक्त हिरडी साफ करून घ्यायला. डॉक्टरांनी पंप सुरू केला, मग सासऱ्यांना खुर्चीत बसवून इंजेक्शन दिलं.

"अहो, पाणी फार उसळतंय," बायको बाहेरून म्हणाली.

"उसळू दे. आत्ता कुठे जाग आलीय त्याला."

ती कापूस आणायला औषधाच्या दुकानात गेली.

डॉक्टरांची पाठ दाराकडे होती, सासऱ्यांचं तोंड. थुंकी ओढणारं यंत्र घरघरत होतं. बाहेर पंपाने आधी झाडं उपटली, मग वाळू उधळली. मासे एका कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले. शेवटी नळी निसटली आणि पाण्याची धार थेट सोफ्यावर पडू लागली. तिथे बसलेल्या सुजलेल्या गालाच्या बाईंनी पाय वर घेतले आणि हाही उपचाराचाच भाग असावा अशा समजुतीने पुढे बघत राहिल्या.

सासऱ्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी हात उचलला. डॉक्टरांनी तो मायेने खाली दाबला.

"अअ काआ," बधिर जिभेने सासरे म्हणाले. "काआ, काआ!"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "काढू?"

सासऱ्यांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी काढली. एका झटक्यात. विजयी मुद्रेने वळतात तर बूट पाण्यात, आणि दारात बायको एका हातात कापूस, दुसऱ्या हातात पंपाची वायर घेऊन उभी.

सासऱ्यांनी खुणेने कागद मागितला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'प्लग.'

चारशे लिटरचा पंप सासऱ्यांनी स्वतः बसवला. मासे सगळे शाबूत होते, झाडंही महिन्याभरात हिरवीगार झाली. डॉक्टर मात्र हल्ली चिमटा हातात घेतला की आधी पूर्ण वाक्यात विचारतात, "नक्की काय काढू?"