छान म्हणायचं नाही

कुंदाकाकूंच्या हातचं खाऊन "छान झालंय" म्हणणं हा आमच्या रायपूरच्या चौबे कॉलनीत गुन्हा आहे. काकू माझ्या शेजारी राहतात. डबा घेऊन येतात, आपण पहिला घास घेईपर्यंत दारातच उभ्या राहतात आणि मग उलटतपासणी सुरू होते.

"छान म्हणजे काय रे? छान तर हवा पण असते. पहिले काय लागलं? आंबट का तिखट? चिंच समोरून आली का मागून आली?"

एकदा मी वैतागून "बाजूनं आली" म्हणालो, तर त्या बराच वेळ त्यावर विचार करत उभ्या राहिल्या.

काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. काका गेले त्याला बराच काळ झाला. मुलगी बंगळूरला असते. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, नातवंडं "नानी, नमस्ते" म्हणून पळतात आणि बाकीचा आठवडा काकूंना आम्ही नवरा-बायको सापडतो. मध्यंतरी त्यांच्या घरातून दूध करपल्याचा असा वास आला, की मी चप्पल न घालताच धावलो. काकू पातेल्याजवळच उभ्या राहून शांतपणे ढवळत होत्या.

"काकू, करपून राहिलं!"

त्या दचकल्या. मग गॅस बंद करून म्हणाल्या, "तुले काय समजते? खमंग करून राहिली मी."

मी परत फिरलो. गणिताच्या बाईंशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

मी एका क्लबचा मेंबर आहे. म्हणजे फी कंपनी भरते आणि मी तिथे जाऊन सँडविच खातो. तिथल्या महिला विंगनं कुकिंग क्लास काढले. इटालियन झालं, थाई झालं, मग कोणाला तरी आठवलं की रायपुरात मराठी माणसं भोसल्यांच्या काळापासून राहतात, तेव्हा एक 'ऑथेंटिक महाराष्ट्रियन' पण होऊन जाऊ दे. मी लगेच काकूंचं नाव सुचवलं. त्यात समाजसेवा फारशी नव्हती. उलटतपासणी चार लोकांत वाटली जावी एवढाच हेतू होता.

पहिल्याच दिवशी गार्डनं अडवलं. "दीदी, चप्पल अलाउड नहीं है." पुढच्या वेळी काकू सुती साडीखाली काकांचे पांढरे वॉकिंग शूज घालून आल्या. साडीवर बूट नकोत असं नियमात कुठेच नव्हतं, त्यामुळे गार्डनं सलाम ठोकला.

क्लास बघण्यासारखा असे. मेंबर बायका एप्रन घालून फोटो काढत आणि त्यांच्याबरोबर आलेल्या स्वयंपाकिणी कांदा चिरत. पाटवडीचा रस्सा तयार झाला, की सगळ्या एका सुरात "यम्मी!" म्हणत. मग काकू कडाडत, "यम्मी क्या होता है? जीभ के टोक पे लगा कि गले में लगा?"

बायका आधी घाबरल्या, मग त्यांना गोडी लागली. एक जण तर डोळे मिटून म्हणाली, "पहले खट्टा, फिर ज़रा सा मीठा, और बाद में... मायके जैसा." काकू मटकन खुर्चीत बसल्या आणि तिला पुन्हा सांगायला लावलं.

स्वतः मात्र घास तोंडात घालत नसत. "आज मेरा उपास है." क्लास मंगळवारी होता तेव्हा गणपतीचा उपास. बायकांनी तो गुरुवारी नेला, तर दत्ताचा. शनिवारी ठेवला, तर मारुती तयारच होता. काकूंचे देव क्लबच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत.

शेवटी मेंबरांची स्पर्धा ठरली, परीक्षक अर्थात काकू. क्लास पुढे चालू ठेवायचा की नाही, तेही कमिटी त्याच दिवशी ठरवणार होती. "ठेवतील ना रे?" काकूंनी मला गाडीत बसताना विचारलं, उतरताना विचारलं आणि पायरी चढताना पुन्हा विचारलं.

स्पर्धेत सेक्रेटरींच्या पत्नी विनीता मॅडम यांनी साबुदाण्याची खीर आणली होती. दूध बुडाला चांगलंच लागलं होतं. वास बिलियर्ड रूमपर्यंत पोचला होता, पण सेक्रेटरींची खीर करपत नसते. "वाव, स्मोकी फ्लेवर!" म्हणत सगळे वाट्या हळूच टेबलाखाली सरकवत होते.

काकू आल्या. "बताओ, पहले क्या लगा?"

"हर बार हमसे ही पूछती हैं," विनीता मॅडम हसून म्हणाल्या. "आज आप चखिए. साबूदाने की है, व्रत में चलती है."

काकूंना पळायला देव उरला नाही. त्यांनी चमचा तोंडात घातला, गिळला आणि नेहमीच्या ठाम आवाजात म्हणाल्या, "दूध एकदम बढ़िया गाढ़ा किया है."

हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. काय टोमणा मारला बाईंनी! विनीता मॅडमचा चेहरा खिरीच्या बुडासारखा झाला. मला मात्र हसू आलं नाही. तो चमचा तोंड वाकडं न करता गिळणं माणसाला शक्य नव्हतं.

परतताना काकूंनी विचारलं, "ते सगळे हसले काहून रे?"

"खीर करपली होती, काकू."

त्या खिडकीकडे वळल्या. "मागे मले मोठा ताप आला होता ना, त्यात वास गेला, चव गेली," त्या म्हणाल्या. "चटका तेवढा कळते. मले श्रीखंड तसंच, मातीही तशीच. तुम्ही लोक सांगता ना, आंबट, गोड, तर मले थोडं थोडं आठवते. कोणाले सांगू नको. जिले चव नाही, तिच्या हातचं कोण खाईल?"

एवढे दिवस मी या बाईला कौतुकाची हावरी समजत होतो.

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर मेसेज आला होता. महाराष्ट्रियन क्लास बंद. पुढच्या महिन्यापासून मेक्सिकन.

त्यानंतर डबा यायचा थांबला. आठवडाभर वाट पाहून मी आणि बायको स्वतःच जाऊन काकूंच्या स्वयंपाकघरात बसलो. काकूंनी पाटवडीचा रस्सा वाढला. मी घास घेतला. 'छान' अगदी ओठांवर आलं होतं, ते घासाबरोबर गिळलं.

"पहिले बेसन लागलं, काकू. मग खसखस. तिखट मागून आलं, घशात." मी थांबलो. "अन् मीठ टाकायचं विसरल्या तुम्ही."

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. काकू उठल्या आणि कढईखालचा गॅस पुन्हा पेटवला. मिठाचा डबा आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"सांग," त्या म्हणाल्या, "किती टाकू?"