दोन सूत खाली

आमच्या मोटारीला चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; तिच्या जागी आम्ही घरची चार माणसं आहोत. आजोबांच्या काळात चासी गंजून गळाली, तेव्हापासून बॉडी आमच्या खांद्यावर. पुढे डावीकडं मी, उजवीकडं धाकटा भाऊ दत्तोबा; मागे डावीकडं मुलगी शैला, उजवीकडं माझी बायको. जेवण एका हातानं होतं. सवयीनं जमतं.

नियम साधा आहे. दार नीट लागतं तोवर गाडी चालू धरतात, आणि चासीतल्या माणसाला जागा सोडता येत नाही. दार लागेना झालं की गाडी भंगारात, माणसं मोकळी.

शैलाला सांगलीच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि मोटारीची तपासणी त्याआधी शनिवारी. पोरीनं बॅग भरून डिकीत ठेवली होती. म्हणजे तेही वजन तिच्याच खांद्यावर. मला ते बघवेना. ठरवलं, खांदा दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली घ्यायचा, की दार लागणार नाही. तीन पिढ्यांची मोटार गेली तर गेली खड्ड्यात!

शनिवारी तपासणीचे चौगुले साहेब आले. त्यांनी दार लोटलं. दार खाली घासलं, लागेना. मी मनातल्या मनात अंबाबाईला नारळ बोललो.

साहेबांनी वाकून पट्टी लावली. "डावीकडं पुढं दोन सूत खचलंय. वय काय तुमचं?"

"सत्तावन्न."

"मग बरोबर. मटेरियल थकलंय."

"म्हणजे भंगारातच की, साहेब?"

"छे हो, एवढ्यासाठी?" त्यांनी मागं जाऊन शैलाच्या खांद्यावर पान्यानं हलकेच ठोकून बघितलं. "ही एक नंबर आहे. डावी बाजू सगळी हिलाच द्या. चाळीस वर्षं बघायला नको."

"साहेब, मी मुद्दाम वाकलो होतो! हे बघा, सरळ झालो!"

"सगळे बाप असंच म्हणतात," म्हणत त्यांनी चासीच्या कागदावरचं माझं नाव खोडलं.

"सरका, अप्पा," शैला म्हणाली. "उगं तुमची पाठ जायची." तिनं मधोमध येऊन पाय रोवले आणि डावी बाजू उचलली. साहेबांनी एका बोटानं दार लोटलं. लागलं.

प्रवेश वाया जाऊ नये म्हणून सोमवारी मी सांगलीला गेलो. वर्गात वीस मुली आहेत. शैलाचं नाव पुकारलं की मी उभा राहून 'हजर' म्हणतो.